दोऱ्याने मोजलेली आफ्रिका : वाचकांचे प्रश्न

मागील अंकात आम्ही वाचकांना एक खेळ सुचवला होता. तिकीट, व्हिसा आणि पीतज्वराची लस यांचा विचार बाजूला ठेवून, केवळ नकाशापुस्तक आणि घरातील वा ग्रंथालयातील पुस्तके यांच्या आधारे आफ्रिका खंडाची सफर आखावी आणि वाटेत जे अडेल ते आम्हांस विचारावे, असा तो खेळ होता. पत्रे अपेक्षेपेक्षा पुष्कळ अधिक आली. काहींनी वीस-वीस पानी प्रवासवर्णनेच पाठवली आहेत. ती सगळी छापणे शक्य नाही, याबद्दल क्षमस्व. निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : गुडघ्यांमुळे माझे हिंडणे-फिरणे आता घराच्या अंगणापुरते उरले आहे. दर शनिवारी संध्याकाळी नातवाला घेऊन मी भिंतीवरच्या जगाच्या नकाशासमोर बसते आणि आम्ही कैरोहून केपटाउनला निघतो. नातू म्हणतो, ‘आजी, आफ्रिका तर ग्रीनलंडएवढीच आहे, मग एवढे दिवस कशाला लागतात?’ त्याला काय सांगावे?
— एक निवृत्त शिक्षिका, सातारा

उत्तर : नातवाने जे पाहिले ते बरोबर पाहिले आहे, भिंतीवरचा नकाशाच तसा असणार. मर्केटर या नकाशाकाराने १५६९ साली ही पद्धत बसवली ती दर्यावर्दी लोकांसाठी. होकायंत्राची एकच दिशा धरून जाणारी वाट नकाशावर सरळ रेषेत यावी, हा तिचा हेतू होता आणि तो साधण्यासाठी ध्रुवांकडचे प्रदेश ताणावे लागले. त्यामुळे ग्रीनलंड फुगले आणि विषुववृत्तावर बसलेली आफ्रिका होती तेवढीच राहिली. प्रत्यक्षात ग्रीनलंडचे क्षेत्रफळ २२ लाख चौरस किलोमीटरच्या आतच आहे, तर आफ्रिकेचे ३ कोटी चौरस किलोमीटरहून अधिक. म्हणजे आफ्रिकेत १४ ग्रीनलंड मावतात. आपला भारत मोजायचा तर तो नऊ वेळा मावेल.

पण मुलाला आकडे सांगण्यापेक्षा शिवणाचा दोरा हातात द्यावा, असे आम्हांस वाटते. आपल्याकडे पृथ्वीगोल असेल आणि त्याचा व्यास ३० सेंटिमीटर असेल, तर त्यावरचा १ सेंटिमीटर म्हणजे सुमारे सव्वाचारशे किलोमीटर. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत दोरा धरला तर तो साडेसात सेंटिमीटर भरतो. ट्युनिशियाच्या उत्तर टोकापासून केप अगुल्हासपर्यंत धरला तर जवळजवळ १९. (खंडाचे दक्षिण टोक केप अगुल्हास आहे, केप ऑफ गुड होप नव्हे, ही चूक या वेळी निम्म्या पत्रांत होती.) दोऱ्याला दर सेंटिमीटरला शाईचा ठिपका द्यावा आणि शनिवारी एकाच ठिपक्याची मजल करावी. सैबेरियाच्या बाजूला मात्र तो दोरा नेऊ नये, नाहीतर आफ्रिकेला जायचे राहूनच जाईल.

प्रश्न : न पाहिलेल्या स्थळांची वर्णने लिहिणे म्हणजे वाचकाची फसवणूक आणि स्वतःचीही. असले खेळ आपल्या मासिकाने का सुचवावेत?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपला आक्षेप पुष्कळ अंशी खरा आहे आणि आफ्रिकेच्या बाबतीत तर घरबसल्या भूगोलवेत्त्यांनी जो घोळ घालून ठेवला आहे त्याला तोड नाही. जेम्स रेनेल हे नाव आपल्याकडील भूमापनाच्या इतिहासात आदराने घेतले जाते. बंगालचा पहिला सर्व्हेयर जनरल तो हाच. मंगो पार्क या प्रवाशाने १७९५ ते १७९७ या काळात पश्चिम आफ्रिकेत जो प्रवास केला, त्याच्या हकिकतीसाठी रेनेलने इंग्लंडमध्ये बसून नकाशा काढून दिला. दूरवर काही डोंगर दिसल्याचा ओझरता उल्लेख पार्कने केला होता. रेनेलची अडचण वेगळीच होती. नायजर नदी पूर्वेकडे वाहत जाऊन खंडाच्या पोटातच जिरते, असे त्याचे मत होते. तेव्हा ती दक्षिणेला वळून समुद्राला मिळू नये यासाठी मध्ये काहीतरी आडवे असणे त्याला सोयीचे होते. त्याने पार्कच्या त्या डोंगरांना ताणून एक सलग पर्वतरांग उभी केली, आणि ‘कोंग पर्वत’ या नावाने ती पुढच्या नकाशाकारांनी दोन्ही बाजूंना आणखी वाढवली. १८३० साली लँडर बंधू नायजरच्या प्रवाहाबरोबर होडीने खाली गेले आणि थेट गिनीच्या आखातात उतरले. ज्या कारणासाठी पर्वत उभा केला ते कारणच त्या दिवशी वाहून गेले, तरी पर्वत जागचा हलला नाही. १८८८ साली बिंजे हा फ्रेंच अधिकारी कोंग या गावी पोहोचला, तेव्हा गाव होते, बाजार होता, मशिदी होत्या; पर्वत तेवढा नव्हता.

दुसरी तऱ्हा याच्या नेमकी उलट आहे. ११ मे १८४८ रोजी योहानेस रेबमान या मिशनऱ्याने किलिमांजारोच्या माथ्यावर काहीतरी पांढरे पाहिले. त्याच्याबरोबरच्या वाटाड्याला बर्फासाठी शब्द ठाऊक नव्हता. तो त्या पांढऱ्याला नुसते ‘बरीदी’ म्हणाला, म्हणजे थंडी. हे वृत्त लंडनला पोहोचले तेव्हा विल्यम कूली या विद्वानाने ते धुडकावून लावले. विषुववृत्तापासून अवघ्या तीन अंशांवर बर्फ असूच शकत नाही, रेबमानला भास झाला असावा, असे त्याचे म्हणणे. कूली स्वतः आफ्रिकेला कधीच गेलेला नव्हता, आणि वर्षानुवर्षे तो आपल्या मतावरून ढळला नाही.

आता हे दोघे घरी बसले म्हणून चुकले, असे आपण म्हणाल. आम्हांस तसे वाटत नाही. दक्षिण अमेरिकेतील चिंबोराझो हा पर्वत विषुववृत्ताच्या किलिमांजारोहूनही जवळ आहे आणि तो बर्फाने झाकलेला आहे, हे जर्मन शास्त्रज्ञ हम्बोल्ट १८०२ साली त्यावर चढल्यापासून युरोपातील वाचकांना माहीत होते. उंचीवर दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. ५८९५ मीटर उंचीच्या शिखरासाठी हा गुणाकार खुर्चीत बसूनही करता येतो. कूलीने आपल्याच कपाटातले दुसरे पुस्तक उघडले असते तरी पुरे होते. रेनेलची चूक याहून साधी आहे, आणि ती आपण सगळेच करतो : रिकामी जागा त्याला पाहवली नाही.

उलट प्रत्यक्ष जाणाऱ्यांच्या पदरीही दर वेळी सोनेच पडते असे नाही. पश्चिम आफ्रिकेतील टिंबक्टू हे सोन्याचे नगर असल्याच्या कथा ऐकत वाढलेला रने कायी हा फ्रेंच तरुण मुसलमानी वेश घेऊन, आजारपण सोसत १८२८ साली तेथे पोहोचला आणि त्याला मातीच्या घरांचे एक उदास गाव दिसले. त्याने तसेच लिहिले, हे त्याचे मोठेपण. आमच्या खेळाला अट एवढीच आहे, की जे पुस्तकात सापडले ते शाईने लिहावे आणि जे मनाने भरले ते पेन्सिलने.

प्रश्न : मी कल्पनेने व्हिक्टोरिया धबधब्यावर गेलो आणि ‘नोव्हेंबरच्या त्या सकाळी समोरच्या कड्यावर उभा असताना तुषारांनी मी नखशिखांत भिजलो’ असे लिहिले. माझे थोरले बंधू म्हणतात की हे अशक्य आहे. कोणाचे खरे?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपले बंधू जिंकले, पण पूर्णपणे नव्हे. झांबेझी नदीला सर्वाधिक पाणी साधारण मार्च ते मे या महिन्यांत असते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सर्वांत कमी. दोन्हींत सुमारे दहापट फरक पडतो. नोव्हेंबरमध्ये झांबियाच्या बाजूचा बराचसा कडा कोरडा, काळा आणि उघडा असतो. झिम्बाब्वेच्या बाजूला मात्र तेव्हाही पाणी पडत असते. तेव्हा आपण कोणत्या देशात उभे होता, हे आधी ठरवावे लागेल. झिम्बाब्वेत असाल तर सदरा थोडाफार ओला होईल, नखशिखांत नाही. डेव्हिड लिव्हिंग्स्टन हा स्कॉटिश प्रवासी येथे पोहोचला तोही १८५५ च्या नोव्हेंबरमध्येच, आणि नदीला पाणी कमी होते म्हणूनच कड्याच्या अगदी तोंडाशी असलेल्या बेटावर होडीतून उतरून त्याला खाली वाकून पाहता आले.

आपण महिना बदलून एप्रिल केलात तर भिजण्याची हौस पुरी होईल, पण मग दिसणार काय, हा प्रश्न उभा राहील. या धबधब्याची रचना निराळी आहे. आपल्याकडे घाटावरून पाणी कोसळते आणि आपण दरीतून किंवा दूरच्या वळणावरून ते पाहतो. येथे १७०० मीटर रुंदीची नदी सपाट माळावरून संथ येते आणि वाटेत आडव्या पडलेल्या एका अरुंद भेगेत शंभर मीटरहून अधिक खोल उतरते. पाहणारा उभा असतो तो त्या भेगेच्या पलीकडच्या काठावर, पाण्याच्या अगदी समोर आणि त्याच पातळीवर. कोसळणाऱ्या पाण्याने दाबली गेलेली हवा तुषार घेऊन वर उसळते आणि पाऊस खालून वर येतो. छत्रीचा येथे उपयोग नाही. नाणेघाटात पावसाळ्यात वाऱ्याने उलट फिरणारे पाणी ज्यांनी अंगावर घेतले आहे, त्यांना याची थोडी कल्पना येईल; मात्र तेथे वारा बाहेरून येतो, येथे तो धबधबा स्वतःच निर्माण करतो. भर पाण्याच्या दिवसांत समोर पांढऱ्या भिंतीखेरीज काही दिसत नाही आणि कानांत घरघर तेवढी राहते. स्थानिक लोकांनी दिलेले ‘मोसी-ओआ-टुन्या’, म्हणजे गर्जणारा धूर, हे नाव त्या दिवसांचे आहे.

खडकाबद्दल आपण काहीच लिहिलेले नाही, याचे मात्र आश्चर्य वाटले, कारण कोल्हापूरच्या माणसाला तो ओळखीचा वाटावा. तोही आपल्यासारखाच काळा बेसाल्ट आहे. आपले दख्खनचे थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे, तर तेथील लाव्हा सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीचा. त्या थरांत पूर्व-पश्चिम भेगा पडल्या आणि त्यांत मऊ गाळ साचला. नदीने एकेक भेग कोरून काढली, की धबधबा त्या भेगेपुरता मागे सरकतो. सध्याच्या धबधब्याच्या खाली नागमोडी वळणे घेत गेलेल्या ज्या घळया दिसतात, त्यांतली प्रत्येक घळई म्हणजे एके काळचा धबधबा आहे. पश्चिमेकडील डेव्हिल्स कॅटरॅक्ट या भागात पुढची भेग कोरण्यास सुरुवातही झाली आहे. आपल्या पुढील प्रवासवर्णनात ही माहिती आल्यास बंधूंना बोलण्यास जागा उरणार नाही.

ऋतूंचा विषय निघाला आहे म्हणून जाता जाता : याच पत्रात आपण ओकावांगोच्या पाणथळीला जानेवारीत पूर आणला आहे. पाऊस तेव्हाच पडतो, पण तो अंगोलाच्या डोंगरांत. सपाटीवरून रांगत ते पाणी बोट्सवानात पसरते तोवर कित्येक महिने जातात आणि पुराचा भर येतो तो तेथील कोरड्या हिवाळ्यात, जून ते ऑगस्टमध्ये. ते पाणी समुद्राला कधीच मिळत नाही. आपली बोट तेवढी सहा महिने थांबवावी.

प्रश्न : मी नोकरीनिमित्त अनेक वर्षे नैरोबीत आहे. आपल्या खेळात आलेली वर्णने अशीच असणार : सिंह, झेब्रा, धबधबा, सूर्यास्त. आफ्रिकेतील माणसांनी काही बांधले, याची मराठी वाचकाला कधी कल्पना येणार?
— एक वाचक, नैरोबी

उत्तर : आलेली पत्रे पुन्हा चाळली, आपला अंदाज चुकलेला नाही. एका पत्रात तर सूर्यास्त पाच वेळा झाला आहे. म्हणून ग्रेट झिम्बाब्वेबद्दल थोडे विस्ताराने लिहितो.

अकराव्या ते पंधराव्या शतकांच्या दरम्यान शोना लोकांच्या पूर्वजांनी वसवलेले हे दगडी नगर. त्यातील मोठ्या कोटाची बाहेरची भिंत सुमारे २५० मीटर घेराची आणि काही ठिकाणी ११ मीटर उंच आहे, आणि तिच्यात चुना किंवा गारा यांचा थेंबही नाही. त्या भागातील ग्रॅनाइटच्या उघड्या टेकड्या दिवसा तापतात, रात्री निवतात आणि त्यांचे पापुद्रे सुटतात. हे पापुद्रे जवळजवळ सारख्या जाडीचे असल्यामुळे फोडून विटेसारखे रचता येतात. शेताच्या बांधावर गडगा रचणारा आपला कोकणातला माणूस ही भिंत पाहताच तिच्यापाशी थबकेल, आणि तिच्या वळणाची गोलाई पाहून तिला हातही लावून पाहील.

पण १८७१ साली तेथे गेलेल्या कार्ल माउख या जर्मन प्रवाशाला हे आफ्रिकी माणसाचे काम वाटेना. त्याने एका लाकडी तुळईचा कपचा काढून हुंगला, त्याचा वास व रंग आपल्या शिसपेन्सिलीच्या लाकडासारखा आहे असे त्याला वाटले, पेन्सिल देवदाराची, देवदार लेबननचा, म्हणून हा बायबलमधील शेबाच्या राणीचा वाडा, असे अनुमान त्याने बांधले. हा गृहस्थ तर प्रत्यक्ष जागेवर उभा होता, हे पुण्याच्या वाचकांनी कृपया लक्षात घ्यावे. पुढे १९०५ मध्ये रँडल-मॅकायव्हर आणि १९२९ मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्पसन यांनी उत्खनन करून हे नगर आफ्रिकी लोकांचेच असल्याचे दाखवून दिले, तरी ऱ्होडेशियाच्या (झिम्बाब्वेचे तेव्हाचे नाव) गोऱ्या सरकारला ते अखेरपर्यंत पचले नाही. १९८० साली देश स्वतंत्र झाला आणि त्याने या भिंतींचेच नाव घेतले.

प्रश्न : इथियोपियातील लालीबेला येथील चर्च ही आमच्या वेरूळच्या कैलासासारखीच वरून खाली कोरलेली आहेत असे वाचले. दोहोंचा काही संबंध असेल काय?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : संबंधाचा पुरावा नाही, आणि तो लावण्याचा मोह टाळावा, रेनेलचा पर्वत वर येऊन गेला आहे. कैलास आठव्या शतकात राष्ट्रकूटांच्या काळात कोरला गेला. लालीबेलाची ११ चर्च परंपरेने त्याच नावाच्या राजाच्या नावावर आहेत, म्हणजे बाराव्या-तेराव्या शतकांच्या संधीवरची. युक्ती मात्र एकच : आधी चोहोबाजूंनी खंदक खणून खडकाचा ठोकळा सुटा करायचा आणि मग कळसापासून पायाकडे उतरायचे. खडक तेथेही ज्वालामुखीचाच, पण लालसर आणि आपल्या काळ्या पाषाणापेक्षा बराच मऊ.

कल्पनेने तेथे जाणार असाल तर बेते गियोर्गिस या चर्चपासून प्रारंभ करावा. आपण माळावर उभे असता आणि पायांच्या पातळीवर दगडात एकात एक कोरलेले तीन क्रूस दिसतात. ते त्या चर्चचे छप्पर असते. बाकीची सगळी इमारत त्याखाली सुमारे १२ मीटर खोल खड्ड्यात उभी आहे. तेथे उतरायचे ते खडकात खोदलेल्या चरातून. कैलासापुढे आपण समोरून प्रवेश करतो आणि मान वर करतो. येथे आधी छप्पर पाहायचे आणि मग दार. आणखी एक फरक असा, की कैलासात आज पूजा चालत नाही, त्यासाठी भाविक घृष्णेश्वराला जातात; लालीबेलात मात्र अजूनही प्रार्थना होते आणि तेथील पंचांगानुसार ७ जानेवारीला येणाऱ्या नाताळाला पांढऱ्या शाली पांघरलेले हजारो यात्रेकरू त्या खंदकांच्या कडांवर रात्र जागवतात.

इथियोपिया आणि आपला परिसर यांतला खरा दुवा हवा असेल तर तो वेरूळपासून काही किलोमीटरवर खुलताबादेत आहे. ज्याने आपले शहर ‘खडकी’ या नावाने वसवले तो मलिक अंबर हबशी मुलखातून, म्हणजे इथियोपियातून, गुलाम म्हणून विकला जात दख्खनेत आला, आणि त्याची कबर तेथे आहे.

प्रश्न : लोणार आणि न्गोरोंगोरो एकाच जातीची विवरे का?
— एक वाचक, बुलढाणा

उत्तर : नाही. लोणार अशनीच्या आघाताने झाले आणि त्याचा व्यास दोन किलोमीटरही नाही. टांझानियातील न्गोरोंगोरो हा ज्वालामुखी आतला शिलारस निघून गेल्यावर स्वतःच्याच पोटात ढासळला, त्याला २० लाख वर्षांहून अधिक काळ लोटला. त्याच्या तळाचे क्षेत्रफळ सुमारे २६० चौरस किलोमीटर आहे. साम्य एवढेच, की दोन्हींकडे तळाशी खारे, क्षारयुक्त तळे आहे.

प्रश्न : सहारा ओलांडताना माझ्या वहीची ११ पाने वाळूतच गेली. कंटाळा आला. काय करावे?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, जळगाव

उत्तर : आठ पाने काढून टाकावीत. सहारात वाळूचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांश आहे. उरलेला प्रदेश खडकाळ पठारांचा, गोट्यांच्या मैदानांचा आणि डोंगरांचा आहे. चाडमधील एमी कूसी हा ज्वालामुखी ३४०० मीटरहून उंच आहे, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून अधिक. वाट तिकडून वळवावी.

प्रश्न : वसईच्या किल्ल्यात जी बुटक्या हत्तीसारखी झाडे आहेत, ती आफ्रिकेतली बाओबाबच का? तसे असेल तर माझी सफर घरापासून दोन किलोमीटरवर सुरू करता येईल.
— एक वाचक, वसई

उत्तर : तीच. मराठीत आपण तिला गोरखचिंच म्हणतो. ती मूळची आफ्रिकेची, आणि आनुवंशिक अभ्यासांवरून ती एकदाच नव्हे तर वेगवेगळ्या काळी समुद्रमार्गे आपल्या किनाऱ्यावर आली असे दिसते. कोणी आणली, याची नोंद कोणी ठेवली नाही. आफ्रिकेतून आलेली माणसे, अरब व्यापारी आणि पोर्तुगीज या सगळ्यांची वहिवाट या किनाऱ्यावर होती, एवढे म्हणता येते. खोड लाकडापेक्षा ओल्या स्पंजाच्या जवळचे असते आणि त्यात पाणी साठते. म्हणून कोरड्या दिवसांत पाने गाळून ती महिनोन् महिने उभी राहू शकते. फळाचे कवच मखमली लवेचे, आत पांढरा, पिठूळ आणि आंबट गर. ‘चिंच’ हे नाव त्यावरूनच पडले असावे (हे वाक्य पेन्सिलीचे समजावे).

सफर पावसाच्या तोंडाशी सुरू करावी, कारण फुले तेव्हा येतात. ती लांब देठाला उलटी लोंबतात, अंधार पडल्यावर उमलतात आणि वटवाघळे त्यांवर येतात. रात्री जाणे न जमल्यास सकाळी लवकर जावे. गळून पडलेली, तळहाताएवढी, कडांना तपकिरी पडू लागलेली फुले झाडाखाली सापडतील. नाकाशी मात्र जरा बेताने धरावीत, वास चांगला नसतो.